हलकं चाक आणि यासीनचा पाय

२ फेब्रुवारी १९७८, गुरुवार
आमच्या भागाची सुट्टी, शॉप बंद. दिवसभर गाडीपाशी. हिचा भाऊ शिरीष स. ९ लाच हजर. कंपनीत इंजिनिअर, वय तीस, बोलणं साठीचं. हातात विलायती मासिक. म्हणे, "दाजी, ५ मार्चला पहिलं यायचं असेल तर इंजिनमागचं ते चाक, फ्लायव्हील, हलकं करा. मूळचं बिडाचं आहे, दहा किलोचं. आपण पोलादाचं करू, साडेपाचचं. इंजिन चटकन उठेल."
यासीन गाडीखाली होता. शॉप सुरू केल्यापासूनचा माझा मिस्त्री, अठरा वर्षं. ही दोन सीटची विलायती गाडी मी उचलली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. उभी केली ती त्यानेच. धावपट्टीवरच्या शर्यतीत तीन वर्षं तोच चालवतो, तीन वर्षं दुसरा येतो. खालूनच म्हणाला, "शिरीषभाऊ, जड चाक चालवणाऱ्याच्या चुका पोटात घालतं. हलकं नाही घालत. क्लच जरा चुकला की इंजिन बंद."
शिरीष : "मग चुकायचं कशाला?"
दोघांना चहा पाजला. बघू म्हटलं.

४ फेब्रुवारी, शनिवार
देहूरोडपर्यंत चक्कर. यासीन चालवत होता, मी शेजारी. मला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त दिसतं. ऑफिसात बसून सांगतो, तीन नंबर लेथचं टूल बोथट झालंय म्हणून. आज जे ऐकलं ते असं : गाडी सोडताना आधी इंजिन वर चढतं, मग क्षणभर नुसतं रडतं, मग गाडी हलते. दर वेळी. डावा पाय क्लचवरून हळू उचलला जात नाही, निसटतो. जड चाक ते झाकून नेतं. चालतानाही त्याची डावी चप्पल घासते. अजून कुणाच्या लक्षात नाही.
पाय कशाने गेला ते मला माहीत आहे. दीड वर्षापूर्वी चेन-पुलीची कडी सुटली आणि वर टांगलेला लोखंडी जॉब त्याच्या मांडीवर आला. कडी झिजलीय हे त्यानेच आधी सांगितलं होतं. मी पुढच्या महिन्यात बघू म्हटलं होतं. फॅक्टरी इन्स्पेक्टर आला तेव्हा यासीन म्हणाला, घरी जिन्यावरून पडलो. मी पढवलं होतं तसंच, शब्दाला शब्द.
तेव्हापासून त्या पायाचं नाव आमच्यात निघत नाही. तो "दुखतो" म्हणाला तर कशाने, हे आलंच. मी "आता तू चालवू नकोस" म्हणालो तरी का, हे आलंच.
मग सांगायचं कुणी?

७ फेब्रुवारी, मंगळवार
ठरलं. हलकं चाक करायचं. शिरीष खूश.
इथे लिहायला हरकत नाही : सरळ धावपट्टीवर त्याने फार फरक पडत नाही. सुटताना तर जडच बरं. शिरीषचं मासिक वळणावळणांच्या रस्त्यांवरचं आहे, एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. तरी करतोय. चाकानेच बोलावं, मी कशाला वाईट होऊ.
काम यासीनलाच दिलं. त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नाही, हे खोटं नव्हे. त्याने ड्रॉइंग पाहिलं, मग मला.
"शेठ, हे चालवणार कोण?"
"तूच की. दुसरं कोण आहे?"
घरी हसत हसत सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "तुम्ही असे हसलात की समोरच्याचं काहीतरी जातं." माझ्या हसण्यावर अर्धी गिऱ्हाइकं आलीत, म्हटलं.

१३ फेब्रुवारी, सोमवार
चाक झालं. पाच किलो चारशे. वरचे शंभर ग्रॅम त्याने आपणहून काढले, जाडीला धक्का न लावता. दांडा घालून दोन पट्ट्यांवर ठेवलं : कसंही सोडा, सोडाल तिथे थांबतं. कुठलीच बाजू जड नाही. आख्ख्या शॉपला बोलावून दाखवलं, पेढे आणवले, त्याची पाठ थोपटली. लाजला.
चार तास लेथपुढे उजव्या पायावर उभा होता. डावा नुसता टेकवलेला. मी दोनदा शेजारून गेलो. बस जरा, म्हणालो नाही.

१६ फेब्रुवारी, गुरुवार
बसवलं. आवाज बदलला, हलका झाला, नखाने टिचकी मारावी तसं इंजिन उठतं. मलाच मोह पडला.
चाचणीला रेल्वे पुलाचा चढ धरला. मुद्दाम. समोर चहाची टपरी, शिरीष आधीच तिथे जाऊन बसलेला. मी अर्ध्या चढावर गाडी थांबवायला लावली. "इथून उचल."
बंद. परत चालू केली, परत बंद. मागे ट्रक लागले. तिसऱ्यांदा गाडी हात-दोन हात मागे आली.
टपरीवरून एक गावकरी म्हणाला, "मिस्त्री, दावं सोडायचं ऱ्हायलं का?"
दुसरा : "न्हाय रं, बैल म्हातारा झालाय."
सगळे हसले. मीही. माझं हसू सगळ्यात मोठं होतं, मला ऐकू आलं.
मग शिरीष बसला. त्याचीही एकदा बंद पडली. तो स्वतःच हसला, परत चालू करून निघाला. त्याला कुणी काही बोललं नाही. परत येताना गाडीत मी आणि शिरीष. सीटा दोनच. यासीन बसने आला.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
यासीन आठच्या ठोक्याला हजर. विचारलं, "काल मनाला लावून घेतलं नाहीस ना?"
"कशाचं शेठ. गाडी आहे, बंद पडते."
थोडा वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "इन्स्पेक्टरला जिना सांगितला ना, ते घरी जाऊन सांगितलं, तर बायको पोट धरून हसली. आमची बैठी चाळ आहे. जिना कुठला?"
दीड वर्ष हे पोटात ठेवलं होतं. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अठरा वर्षांत त्याच्या घरी कधी गेलो नाही. म्हटलं, "बरं झालं, इन्स्पेक्टरही गेला नाही."
तोही हसला. माझ्यापेक्षा आधी थांबला.

२२ फेब्रुवारी, बुधवार
जेवणाच्या सुट्टीत यासीन एकटाच आवारात गाडी सोडतो, थांबवतो, सोडतो. मी ऑफिसातून मोजतो. सोमवारी अकरा वेळा बंद पडली. काल सात. आज चार.
हे धरलं नव्हतं.
वॉचमनला विचारलं. म्हणाला, "मिस्त्री गुडघा हातानं धरून पाय वर घेत्यात, साहेब." म्हणजे तसं. शर्यतीत तो हात स्टिअरिंगला लागेल.
हे ऐकून बरं वाटलं. का वाटलं ते

१ मार्च, बुधवार
सकाळी बेंचवर जुनं जड चाक. पुसून, तेल लावून, खाली स्वच्छ फडकं. यासीनचंच काम.
दुपारी शिरीष : "दाजी, माझं नाव कधी देताय? की अजून त्यालाच बसवायचंय? लोक हसले की राव परवा."
संध्याकाळी हीसुद्धा. पण उलटं. "माझा भाऊ आहे म्हणून सांगते, त्याला बसवू नका. आणि त्या माणसाशी एकदा नीट बोला." काय बोलू, विचारलं. "तुम्हाला माहितीये," म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. हिला कुणी सांगितलं? मी तर नाही.
यासीनला म्हटलं, "तुझ्या मनाने जे चाक वाटेल ते बसव."
"माझ्या मनाने तर तीन वर्षं चालवतोय, शेठ."

४ मार्च, शनिवार
उद्या शर्यत. दु. ४ पर्यंत यासीनने गिअरबॉक्स उतरवला. दोन्ही चाकं बेंचवर शेजारी शेजारी. जड काळं, हलकं चकचकीत. मग हात धुऊन वर ऑफिसात आला, शर्यतीचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. चालकाचं नाव कोरं. दर वर्षी तोच भरतो, आपल्या गिचमिड अक्षरात.
"नाव तुम्ही घाला. माझं घातलंत तर जड चढवतो. शिरीषभाऊंचं घातलंत तर हलकं. तीन तासांचं काम आहे, सहाच्या आत सांगा."
"एवढं काय त्यात. तू सांग, मी लिहितो."
"नाही शेठ. तुमच्या मनातलं लिहा. चाक मी केलं, आता हे तुम्ही करा."
मी हसलो. या वेळी तो हसला नाही. फॉर्मवर खाली बोट ठेवलं. तिथे रकाना आहे : मागील वर्षीचा चालक बदलल्यास कारण.
"प्रकृती असं लिहू?"
"लिहा. उद्या मी असेन तिथे. कुणी विचारलं काय झालं प्रकृतीला, तर काय सांगू ते पण लिहून द्या. मागच्या वेळचं पाठ होतं, आता जिना चालायचा नाही."
आवाज चढवला नाही. नेहमीसारखं "येतो शेठ" म्हणाला, खुर्ची सरळ करून ठेवली आणि गेला. जिना उतरताना बारा पायऱ्यांना त्याला किती वेळ लागतो ते आज पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.
साडेपाच वाजले. शिरीष फाटकाशी येऊन हॉर्न देतोय. खाली पान्याचा आवाज नाही, म्हणजे यासीन नुसता बसलाय. नाव लिहायला काय, दोघांचीही तीन-तीनच अक्षरं. खालचा रकाना छापणाऱ्याने चांगला चार ओळींचा ठेवलाय.