माझ्या नावाचा घोडा

२२ डिसेंबर १९५७, नागपूर
ठरलं एकदाचं. नाताळच्या सुट्टीत चांदा. वसंता, शरद आणि मी.
वसंता गेले दोन महिने मागे लागलाय. "राजे, तुमची राजधानी दाखवा की." मी गोंड, चांदा गोंड राजांचं, म्हणून राजे. पहिल्या वर्षी राग यायचा. आता हाक मारली की ओ देतो.
वसंताला इतिहास मंडळात निबंध वाचायचा आहे. प्रो. सरंजाम्यांनी स्वतःचा कॅमेरा दिलाय त्याला. शरदला काहीच करायचं नाही, तो हवा खायला येतोय. घरी पत्र टाकलं, दोन मित्र आणतो म्हणून. आमच्या गावात माझ्याकडे येणारे हे पहिलेच.

२४ डिसेंबर, चांदा
सकाळच्या गाडीने उतरलो. जटपुरा दरवाजा पाहून शरदनेसुद्धा मान वर केली. दरवाजावर हत्तीला दाबून धरलेला सिंह कोरलाय, तो वसंताने तीन बाजूंनी टिपला. मला खाली उभं केलं. "हसू नकोस, राजासारखा बघ."
मी या दरवाजातून शंभरदा गेलो असेन. मॅट्रिकची दोन वर्षं इथेच होतो. कोणी बांधला, केव्हा, कशासाठी, सगळं वसंताने सांगितलं. राजांची नावं क्रमाने. राण्यांचीसुद्धा. सगळं सरंजाम्यांच्या पुस्तकातलं. मी मान हलवत होतो, जसं काही मला ठाऊकच होतं. माझ्या शाळेत शिवाजी शिकवला, अकबर शिकवला. ही नावं नाही शिकवली.
मग अंचलेश्वराजवळ गोंड राजांच्या समाध्या. शरद एका समाधीच्या चौथऱ्यावर जोड्यांसकट बसून पेरू खात होता. मी दुसरीकडे बघितलं. झाडणारी एक म्हातारी आली, आमच्यातलीच. माझ्याकडे बघून गोंडीत विचारलं, कोणत्या गावचा, कोणाचा? मी मराठीत उत्तर दिलं. तिने परत गोंडीत विचारलं. मी परत मराठीत.
"काय म्हणाली?" वसंता.
"काही नाही. वेळ विचारत होती."
का म्हणालो असं?

२५ डिसेंबर, चांदा
महाकाली, रामाळा तलाव, परकोटावरून चक्कर. परकोटाचे दगड लोकांनी घरं बांधायला नेलेत. वसंता हळहळला. "या लोकांना किंमत नाही रे." मग माझ्याकडे बघून, "तुला नाही म्हणत."
उद्या घर. वसंता विचारतो, तुमचा देव दाखवशील का? म्हटलं बा ला विचारावं लागेल. गावचा भुमक तोच. पूजा त्याच्या हातची, आज्यापासून आमच्या घरात.

२६ डिसेंबर, घरी
मोहर्लीपर्यंत लॉरी. पुढे काकाच्या बैलबंडीतून. ऐन दुपारी पोचलो. बा जंगलात कूपावर बांबू तोडायला गेलेला, संध्याकाळी यायचा होता.
मायने अंगण सारवून ठेवलेलं. कोंबडी कापली होती. शरदने भात चिवडला आणि पोट बिघडलंय म्हणाला. बंडीच्या सावलीत बसून बिस्किटं खाताना दिसला मला. मायलाही दिसला. वसंता मात्र मांडी घालून दोनदा मागून जेवला. मायला म्हणाला, "आमच्या घरी अशी चव नाही." माय तोंडाला पदर लावून हसली. मला वसंताचे पाय धरावेसे वाटले. खरंच वाटले.
जेवण झाल्यावर म्हणतो, "चल, नुसतं बघू. लांबून." बा आल्यावर जाऊ, म्हटलं. "उन्ह जाईल रे, फोटो येणार नाही."
गेलो. शरद आला नाही. देवाच्या ऐनाच्या झाडापाशी मी जोडे काढले, वसंतानेही काढले, न सांगता. झाडाखाली मातीचे घोडे, लहानमोठे, नवस फेडलेले. कडेचा सगळ्यात लहान, एका कानाचा टवका उडालेला, तो माझ्या नावाचा. मी मॅट्रिक झालो तर घोडा देईन असं माय बोलली होती. अख्ख्या गावात पहिला मॅट्रिक. गाव नाचलं होतं त्या दिवशी.
हे सगळं मीच सांगितलं त्याला. छाती फुगवून. मग काकाने हाक मारली म्हणून मी पुढे झालो. तो म्हणाला, एक फोटो काढून येतो.

२७ डिसेंबर
सकाळी निघालो. बा रस्त्यापर्यंत पोचवायला आला. वसंताला म्हणाला, "आमच्या पोराले संभाळून घ्या तिकडं. तो बोलत नाई, पन त्याले समजते सारं."
वसंता वाकून नमस्कार करत होता. बा मागे सरकला. त्याला कोणी असा नमस्कार केलेला नाही.

११ जानेवारी १९५८, नागपूर
वसंताचा निबंध झाला. टाळ्या. सरंजामे म्हणाले, "केवळ वाचून नव्हे, पाहून लिहिलेलं." मी मागच्या बाकावर. माझं नाव आलं एकदा, "आमचा गोंड वाटाड्या" असं. नंतर वसंता म्हणाला, "मंडळात असंच लिहायची रीत आहे. मनाला लावून घेऊ नको."

१८ जानेवारी
घरचं पत्र. बा ला लिहिता येत नाही, मोहर्लीच्या मास्तरकडून लिहवलंय.
पूस महिन्याच्या पूजेला गाव जमलं तेव्हा एक घोडा कमी. तुझ्या नावाचा. पंच बसले. देवाची वस्तू ज्याला राखता आली नाही त्याने पूजेला हात लावू नये, घोडा परत येईपर्यंत. पूजा सध्या काकाचा साळा करतो. तुझी माय जेवत नाही नीट. तुला काही ठाऊक असेल तर कळव. अभ्यास नीट कर.
"तुला काही ठाऊक असेल तर." बा असं कधी बोलत नाही. मास्तरचे शब्द असतील. की

१९ जानेवारी
शरदला गाठलं. "अरे, तो? वसंत्याच्या पिशवीत होता, धोतरात गुंडाळून. मला वाटलं तूच दिलास."
वसंता खोलीवर दाढी करत होता. नाकारलं नाही. वर म्हणतो, "तूच म्हणालास ना, तुझ्या नावाचा आहे? मग तुझाच की. मित्राची वस्तू मित्राने घेतली, चोरी कसली त्यात?"
"कुठे आहे?"
"सरांना दिला. खूश झाले. कपाटात ठेवलाय." अर्ध्या तोंडाला साबण. "उन्हापावसात विरघळून जाणार होता रे तो. आता शंभर वर्षं राहील."
त्याला मारावं असं वाटलं. मायच्या हातचं दोनदा मागून जेवला होता तो. हात उठलाच नाही माझा.

२१ जानेवारी
सरंजाम्यांकडे गेलो. बस म्हणाले, खुर्ची दिली. त्यांच्या मागे काचेचं कपाट. तिथे आहे. पायाशी इंग्रजीत टाईप केलेली चिठ्ठी: मातीचा घोडा, गोंड, चांदा जिल्हा. संग्राहक म्हणून वसंताचं नाव.
सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. म्हणाले, "वाईट वाटतं. पण कॉलेजच्या नोंदीत चढलाय. तू अर्ज दे, प्राचार्य ठरवतील. अर्जात एवढंच लिही की घोडा तू राजीखुशीने दिला होतास, आणि आता घरच्यांच्या इच्छेखातर परत मागतोस. म्हणजे कुणालाच त्रास नाही."
मग, उठता उठता: "एप्रिलमध्ये मी तुमच्या भागात दोन महिने जाणार आहे. भाषा येणारा माणूस हवा. एम.ए.साठी शिष्यवृत्तीचंही बघता येईल. तू हुशार आहेस."
मी थँक यू म्हणालो. जिन्यात आल्यावर कळलं काय म्हणालो ते.

२५ जानेवारी, चांदा
घरी जायला निघालो. वाटेत कुंभारवाड्यात थांबलो. तसाच लहान घोडा मिळाला. स्टेशनामागे दगडावर आपटून कानाचा टवका काढला. दुसऱ्या खेपेला जमलं. धूळ चोळली. अगदी तसा दिसतो.

२६ जानेवारी, घरी
बा अंगणात दोर वळत होता. घोडा हातात दिला. उलटा केला, पोटाखाली अंगठा फिरवला, परत दिला.
"हे माती आपल्या इकडची नाई."
मी खाली बसलो. म्हटलं, "बा, मीच नेलं होतं वसंताले आत. तुले न विचारता."
"मले माईत हाय."
"कसं?"
"तुमी गेल्यावर झाडाखाली गेलो, धुळीत पाय होते. दोघं गेल्ते, अनवाणी. एक पाय मऊ, शहरातला. दुसरा तुया. डाव्या पायाची करंगळी वाकडी पडते तुयी." दोर वळणं थांबलं नाही. "पुसून टाकले म्या. घोडा गेला हे बी तवाच दिसलं मले."
"मंग पंचायले सांगतलं काऊन नाई?"
"सांगतलं असतं त तुले गावात येऊ देलं असतं का?"
इतके दिवस हा माणूस लोकांचं ऐकून घेतोय. आज झाडाखाली पूजा होती. आम्ही दोघं अंगणातून ढोल ऐकत होतो. त्या साळ्याला पूजेचे बोल नीट येत नाहीत, मधेच अडतो. बा चे ओठ हलत होते.
माय गोंडीत म्हणाली, मी देवाला दिलेला घोडा तुझ्यासाठी होता, आता तुझ्यावर कोण बघेल? मी गोंडीतच उत्तर दिलं. काय दिलं ते लिहीत नाही.
निघताना बा एवढंच बोलला, "आणशील त तोच आन. उसना नको."

३ फेब्रुवारी, नागपूर
वसंता खोलीवर आला. अर्ज स्वतःच लिहून आणला होता, सुवाच्य अक्षरात. "राजीखुशीने" वगैरे. फक्त सही कर म्हणाला. "माझी परदेशी शिष्यवृत्तीची शिफारस सरांकडे आहे रे. चोरीबिरी शब्द आला तर संपलो मी. आणि तुझं एप्रिलचं कामही जाईल. कागद नागपुरात राहील, तुझ्या बापाला कोण वाचून दाखवणार?"
खरं आहे. कोणीही नाही.
कागद ठेवून गेला. मी वाचला. मराठी फार छान लिहितो तो.

१० फेब्रुवारी
सात दिवस कागद उशाशी होता. दोनदा दौत उघडली.
आज दुपारी माझा अर्ज लिहिला. मी आत नेलं, वडिलांना न विचारता. त्याने घेतला, मला न विचारता. दोन्ही वाक्यं लिहिली. आधी दुसरं वाक्यच लिहिलं होतं, पहिलं बऱ्याच वेळाने वर घातलं. चोरी शब्दही लिहिला.
ऑफिसात दिला. कारकुनाने वाचला, चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे पाहिलं. "हे असंच देऊ?"
"असंच."
"विचार करा. एकदा आवक नोंदीत चढला की परत मिळत नाही."
"चढवा."
त्याने चढवला नाही. पेपरवेटखाली ठेवला. प्राचार्य बाहेरगावी आहेत, पुढच्या सोमवारी येतील. पोच मागितली तर म्हणाला, अशा अर्जाची पोच कशी देऊ?
मी टेबलापासून हललो नाही. तो घड्याळाकडे बघत राहिला, शेवटी रजिस्टर ओढलं, तारीख घातली, माझं नाव लिहिलं. विषयाच्या रकान्यात टाक टेकवून थांबला. "काय लिहू?"
मी सांगितलं, चोरी. त्याने लिहिलं की नाही, ते उलट्या बाजूने वाचता आलं नाही मला.