झापाखालची होडी

१२ जून १९९८, शुक्रवार
विकणार नाही म्हणजे नाही! दीर फ्रेडरिक आज पुन्हा आला. कुणा रिसॉर्टवाल्याला आमची जुनी शिडाची होडी हवी आहे — हिरवळीवर ठेवून आत फुलझाडं लावणार म्हणे! "वैनी, दादा काय आता दर्यात जायचा नाय. इंजिनाच्या दिवसात शीड कोन उभं करतो?" मी म्हटलं, लकवा तुझ्या दादाला झाला, होडीला नाही.  जाताना म्हणतो, "पावसाल्यात कुजली तर मग नाय बोलायचं." बघच तू!

१४ जून
चर्चमधली मिस्सा आटोपून चौघांकडून होडी वर ओढून घेतली. डोलकाठी उतरवून पडवीत बांधली, शीड माळ्यावर. दरवर्षी आमचे हे झावळ्यांचे झाप विणून होडी शाकारायचे. त्यात चार दिवस जातात. घरात निळं प्लास्टिक पडून होतं, चांगलं जाड. तेच घट्ट आवळलं. थेंब आत जायचा नाही.

२९ जून
संत पीटरचा सण. मुसळधार. प्लास्टिक जागचं हललं नाही.

१२ जुलै, रविवार
चूक माझीच. प्लास्टिक सोडलं तर आतून वाफ! फळ्यांवर पांढरी बुरशी. पुढची एक फळी अंगठ्याने दाबली तर दबली. शेजारची सालोमी मावशी हसते — "मॅट्रिक झालीस गो सेलिन, पन लाकडाला वारा लागतो त्ये नाय शिकवलं शालेत?" हस बाई. हसून झाल्यावर पदर खोचून स्वतःच झाप विणायला बसली.

२२ जुलै
सुताराने फळी बदलली. फटींत कापूस आणि राळ मी भरली. मुशी माशाचं तेलही मीच चोळलं — अंगाला असा वास, की चर्चमध्ये माझ्या बाकावर दुसरं कुणी बसेना! फ्रेडरिक म्हणे, बायकांनी होडीला हात लावू नये. म्हटलं, सासूबाईंनी डोक्यावर मासळीच्या पाट्या वाहून, पैसा जोडून ही होडी बांधली, तेव्हा हात नव्हता लागला? प्रभू, जीभ आवर माझी. पण आज नको.

९ ऑगस्ट
होडीत पाणी भरून ठेवलं होतं, फळ्या फुगायला. सकाळी बघितलं — बाहेर एक थेंब नाही! फ्रेडरिकने दोन फेऱ्या मारल्या, ठिकठिकाणी टिचक्या मारल्या. "जिंकलीस वैनी," एवढंच म्हणाला.

१५ ऑगस्ट
फादरनी सगळ्या होड्यांवर तीर्थ शिंपडलं. आपल्याही.

१६ ऑगस्ट
ह्यांना विचारलं, यंदा होडी कुणाच्या हाती द्यायची? हे रडायलाच लागले. अडखळत म्हणाले, "फ्रेडरिकला मीच सांगितलं होतं. घेऊन जा तिला. खिडकीतून रोज दिसते, सेलिन."
दोन महिने मी दिराशी भांडले!
 मग फ्रेडरिककडे गेले. उद्या भरतीला चौघे जण ह्यांना उचलून होडीत बसवतील. उजवा हात धड आहे. सुकाणूला एक हात पुरतो. ह्यांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.