पहिल्या यादीतलं चौथं नाव

बिश्केक, ११ सप्टेंबर २००४

ती. तुर्सुन आत्यास, सलाम वि. वि.

मिनीबसच्या ड्रायव्हरकडे दिलेले कुरुताचे, सुकवलेल्या खारट दह्याचे गोळे पोचले. वसतिगृहातल्या चौघींनी दोन दिवसांत संपवले आणि वर विचारलं, की तुझी आत्या एवढी चिक्कू कशी गं! अर्थशास्त्राच्या तासाला झोप येते, पण मी रडत नाही. पशुवैद्यकच्या यादीत नाव लागलं नाही, तर नाही. कुरणावरून दोन दिवसांचा प्रवास करून तू माझा शाळेचा दाखला अर्जासाठी इथे घेऊन आलीस, हे विसरले नाही.

आमच्या वर्गाच्या बाईंनी पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना एक काम दिलंय. पुढे जे व्हायचंय, ते काम करणाऱ्या माणसापाशी एक दिवस बसायचं आणि पाहिलं ते लिहायचं. सगळ्या बँकांत निघाल्यात. मी पशुवैद्यकच्या दवाखान्यात जाणार आहे. उगीच, बघायला.

आहे तशीच माया राहू दे.

तुझी अकमाराल

आत-बाशी, १८ सप्टेंबर

चि. अकमारालला अनेक आशीर्वाद.

शिंगरू माझं, कशाला जातेस तिकडे? दुखऱ्या जागी पुन्हा बोट लावायचं कशाला? बँकेत जा. स्वच्छ टेबल, हिवाळ्यात ऊब. तुझ्या वडिलांनी मेंढ्या खाली आणल्या. म्हणतात, आमची डॉक्टरीण शहरात गेली, आता लंगड्या मेंढीकडे कोण बघणार? मी म्हटलं, खरी डॉक्टरीण इथेच बसलीय की. तर म्हणाले, तू मोजे विक!

बँकच बघ. माझं ऐक. या म्हातारीला आठवत राहा.

आत्या

बिश्केक, २६ सप्टेंबर

आत्या, सलाम.

मी गेले. दवाखान्यात जायच्या आधी कॉलेजच्या कचेरीत नाव सांगावं लागतं. नाव ऐकून तिथल्या बाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, की ती चौथी मुलगी तूच का? पहिल्या यादीत माझं नाव चौथं होतं. मूळ दाखला एकच, तो जिथे जमा तिथलीच जागा पक्की. यादी लागली त्याच दिवशी, मुलीचा विचार बदलला म्हणून सांगून तू तो परत घेतलास आणि अर्थशास्त्राला जमा केलास. वहीत तुझी सही आहे. मी बोट ठेवून पाहिली.

तेव्हा मी कुरणावर घोडीचं दूध काढत होते. तू परत आलीस, माझं डोकं मांडीवर घेतलंस आणि नाव लागलं नाही म्हणालीस. मी रडले, तूही रडलीस. ते रडणं कशाचं होतं?

बाबांनी केलं असतं तर मी भांडले असते. पण अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून कोकरू फिरवायला मला तू शिकवलंस.

अकमाराल

आत-बाशी, ३ ऑक्टोबर

चि. अकमारालला आशीर्वाद.

सही माझीच. यादी पाहिली तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईला मी तुझं नाव दाखवलं, इतकी फुगले होते. मग बाकावर जाऊन बसले. मीही एकदा अशीच पशुवैद्यकच्या पहिल्या यादीत होते. जिथे डॉक्टरीण होते ती सामुदायिक शेती मोडली, मेंढ्या घरोघर वाटल्या गेल्या, आणि औषधांची पेटी उचलून मी घरी आले. आठ वर्षं बाजारात फळी मांडून मोजे विकतेय. तुला त्या फळीमागे उभी बघवलं नसतं मला.

वडिलांना कळवू नकोस, ते माझ्याशी बोलणं टाकतील. वर्ष सुरू झालंय, आता हेच शीक. सवय होते.

रागाव, पण पत्र टाकत जा.

आत्या

बिश्केक, १२ ऑक्टोबर

ती. आत्यास, सलाम वि. वि.

त्या फळीची मला कधी लाज वाटली नाही. तुला वाटत होती, हे मला माहीत नव्हतं. हे सगळं कुरणावर माझ्यासमोर बसून सांगितलं असतंस, तर कदाचित मी ऐकलंही असतं.

अर्थशास्त्रातून दाखला काढून घेतला. तिथल्या कचेरीतल्या बाईंनी दोनदा विचारलं, की घरचं कुणी बरोबर आहे का. नाही म्हणाले. दवाखान्यात पिंजरे धुवायला ठेवून घेतलंय. जुलैत पुन्हा अर्ज करीन, तेव्हा रांगेत मीच उभी राहीन.

बाबांना मी कळवलेलं नाही. ते तू सांगायचंस. तू सांगितलंस, हे त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत मी आत-बाशीला आले तरी तुझ्या घरी येणार नाही.

लोभ असावा, असं आज मागत नाही. तो आहे, हे मला ठाऊक आहे. नसता तर सोपं झालं असतं.

अकमाराल