पायरीला मी हात लावलेला नाही

तीर्थरूप काकांना,

तुमच्या शिंपी पुतण्याचा नमस्कार. प्रकृती कशी आहे? ताईकडे राहून डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता पट्टी कधी निघणार? डॉक्टरांनी वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि डोक्यात राग घालायचा नाही असं सांगितल्याचं ताईने फोनवर कळवलं. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही नक्की पाळाल. तिसरीचा विचार करून फोनऐवजी पत्र लिहितो आहे, म्हणजे ताई बेताबेताने वाचून दाखवील. (ताई, कंसातला मजकूर तुझ्या एकटीसाठी आहे. तो मोठ्याने वाचू नकोस. हा कंससुद्धा.) इकडे सगळं ठीक आहे. काकूंची तब्येत उत्तम आहे, गेल्या दोन दिवसांत तर विशेषच उत्तम आहे. (का ते पुढे येईल.)

आपल्या सुईणआजींची नव्वदी येत्या रविवारी करायचं गल्लीने ठरवलं हे तुम्हाला ठाऊक आहे. मला, ताईला आणि निम्म्या गल्लीला त्यांनीच या जगात ओढून आणलं. आता त्या गल्लीच्या अगदी शेवटच्या घरात अंथरुणाला खिळून आहेत, नाकाला प्राणवायूची नळी आहे आणि त्यांना हॉलमध्ये नेणं शक्य नाही. म्हणून हॉल गल्लीत आणायचा, म्हणजे रस्त्यावर टेबलं मांडायची, तळण तिथेच काढायचं, गाणी म्हणायची आणि आजींची खाट दारात आणून ठेवायची. गल्लीच्या मंडळाचा चिटणीस म्हणून परवानगीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, एक अर्ज, एक सही आणि काम फत्ते.

अर्ज चौदा पानांचा निघाला. दुकानात बसून, काजं करता करता, मी तो एका दुपारी भरून टाकला. अपेक्षित गर्दी किती, या रकान्यात मी 'सगळी ओळखीचीच' असं लिहिलं. संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, तर 'आलेल्या वाटेने'. आग विझवण्याची नळकांडी कुठे ठेवणार, तर 'चोरीला जाऊ नयेत म्हणून ट्रंकेत कुलूपबंद, किल्ली चिटणिसांकडे'. आणि गल्लीची रुंदी किती, तर 'चार मीटर, अंदाजे'. सबंध आयुष्य मापं घेण्यात गेलेल्या माणसाने अंदाजे लिहावं, ही माझीच चूक. मी गल्लीच्या छातीचं माप लिहिलं आणि गळ्याचं विसरलो. (गळा कुठे आहे ते तुझ्या लक्षात आलं असेल. चेहरा सरळ ठेव.)

दोन दिवसांनी अग्निशमन दलाच्या अधिकारी बाई आल्या. बारीक चणीच्या, मोजकं बोलणाऱ्या, कमरेला लोखंडी टेप. गल्लीने तासाभरात त्यांचं नाव टेपबाई ठेवलं. माझं ट्रंकेचं उत्तर त्यांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला. मग त्या गल्लीच्या मधोमध नुसत्या उभ्या राहिल्या. काका, मी या गल्लीत जन्मलो, इथेच टक्कल पडलं, पण त्या जे पाहत होत्या ते मी कधी पाहिलं नव्हतं. तळणाची कढई कुठे ठेवणार, असं त्यांनी विचारलं. मी जागा दाखवली. त्या म्हणाल्या, दुपारनंतर वारा या बोळातून येतो, ज्वाला त्या खिडकीच्या पडद्याकडे झुकेल, लोक मागे सरतील आणि मागे तुमचं स्टेज आहे. हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी दुपारनंतर तिथे जाऊन हात वर करून उभा राहिलो, तर वारा खरोखरच बोळातून येत होता. मला गल्लीत पडलेला उजेड माहीत होता, पडलेलं पाणी माहीत होतं, वारा कुठून येतो ते माहीतच नव्हतं.

पुढचं लिहायला जरा जड जातं आहे. स्टेजवर घालायला मी एक छत शिवलं होतं. चकचकीत निळं कापड, अकरा दिवस मशीन चालवून, कडेला झालर लावून. माझ्या हातून एवढं देखणं काम कधी झालं नव्हतं आणि ते बाईंना दाखवताना माझी छाती थोडी पुढे आली होती. त्यांनी कामाचं कौतुक केलं आणि एक चिंधी मागितली. रस्त्याच्या कडेला, पाण्याची बादली जवळ ठेवून, ती चिमट्यात धरली आणि काडी लावली. काका, ती जळली नाही. ती वितळली आणि तिचे जळते थेंब टपटप खाली पडले, आणि जमिनीवर पडूनही जळत राहिले. तीस वर्षं मी कापड कापतो, पण कापडाला असंही करता येतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या थेंबांखाली लोक बसलेले असते. उरलेल्या कापडाची मी आजींना चादर शिवून दिली होती, प्राणवायूच्या टाकीशेजारच्या खाटेवर ती अंथरलेली होती. मी सरळ चालत त्यांच्या घरी गेलो आणि ती काढून सुती चादर घातली. आजींना रंग आवडला होता, त्या दिवसभर रागावून बसल्या.

तिसऱ्या दिवशी बाईंनी बाहेर पडण्याची तालीम घेतली. गल्लीच्या तोंडाशी दोन दोऱ्या बांधून जाण्यायेण्याची वाट आखली, चाळीस माणसांना टेबलांशी बसवलं आणि शिट्टी वाजवली. सगळे शहाण्यासारखे उठून वाटेशी आले आणि तिथेच थांबले. हेडमास्तर पहिले पोचले होते, ते बायकांसाठी बाजूला झाले. बायका म्हाताऱ्यांसाठी थांबल्या. म्हाताऱ्यांनी हेडमास्तरांना पुढे व्हायचा आग्रह केला, कारण त्यांनी त्यांच्या नातवंडांना शिकवलं आहे. हेडमास्तर म्हणाले, वयाचा मान आधी. बेकरीवाले तेवढ्यात चपला बदलून आले. असं करत गल्ली रिकामी व्हायला नऊ मिनिटं लागली आणि आम्ही सगळे एकमेकांवर अतिशय खूश होतो. टेपबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. घड्याळ दाखवून त्या एवढंच म्हणाल्या, "जो जवळ आहे त्याने आधी जायचं. मान बाहेर गेल्यावर द्या, तिथे जागा भरपूर आहे." दुसऱ्या खेपेला एक मिनिट चाळीस सेकंद लागले. माझा विश्वास बसेना. हेडमास्तर तेव्हापासून सगळीकडून सगळ्यांच्या आधी बाहेर पडतात.

एवढं सगळं पार पडलं आणि एकच गोष्ट उरली. आगीच्या बंबाला आजींच्या दारापर्यंत जायला साडेतीन मीटर मोकळी वाट हवी. ती असेल तर परवानगी, नसेल तर नाही, आणि परवानगी नाही तर नव्वदी नाही, कारण आजी दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. सोमवारी दुपारी बाईंनी बंबच बोलावला. (ताई, आता काकांना पाणी दे.)

तो बंब मी आयुष्यभर लांबून, घंटा वाजवत जाताना पाहिला होता. गल्लीत शिरला तेव्हा दोन्ही बाजूंची घरं लहान झाली. चालकाने आरसे आत घेतले आणि ते अजस्र धूड माणूस चालतो त्याच्याही निम्म्या वेगाने पुढे येऊ लागलं. विजेच्या खांबापासून एक वीत, बेकरीच्या फळीपासून चार बोटं. गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. मी सुईत दोरा ओवताना श्वास धरतो तसा सगळ्या गल्लीने धरला होता. आणि मग तो थांबला. काका, तो आपल्या दारात थांबला. तुम्ही स्वतःच्या हाताने बांधलेल्या चार पायऱ्या आहेत ना, त्यांतली सगळ्यात खालची, अर्धगोल, तिच्यासमोर. वाट एक फुटाने कमी पडत होती.

टेपबाईंनी खाली बसून पायरीवरून हात फिरवला. बांधणारा माणूस आपलं काम जाणतो, असं त्या म्हणाल्या. हे मुद्दाम कळवतो आहे, कारण इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून दोनच कामांची स्तुती ऐकली, आणि त्यांतलं माझं काम वितळलं. चालक खाली उतरला आणि बोटाने पुढची घरं मोजू लागला. अकरा भरली. तो म्हणाला, इथून पुढे आम्ही पळत येऊ, पाइप खांद्यावर घेऊन. तक्रार नव्हती त्यात. आपण 'उद्या भेटू' म्हणतो, तसं तो म्हणाला. रविवारचं सोडा, इतकी वर्षं ती अकरा घरं रात्री दिवे मालवून निर्धास्त झोपत होती, आणि कोणाच्याही हाकेला बंब फक्त आपल्या दारापर्यंत पोचू शकत होता. आणि तिथून पुढे पळत येण्याची तयारी असलेली माणसं या जगात आहेत, हेही मला त्या दिवशी कळलं. मी त्या चालकाला नमस्कार केला. तो गोंधळला आणि त्याने मला शर्टाच्या शिलाईचा भाव विचारला.

काकू त्या वेळी सगळ्यात वरच्या पायरीवर उभ्या होत्या. बंबाचं नाक त्यांच्यापासून हातभर लांब होतं. त्यांनी त्या अकरा घरांकडे पाहिलं, मग पायरीकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

तर काका, काळजी नसावी. तुमच्या परवानगीशिवाय मी पायरीला हात लावणार नाही, हा माझा शब्द आहे. डोळ्यांना जपा. ताईला आणि जावईबापूंना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
पुतण्या

ता.क. : परवानगीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. खालची पायरी काढली तर चालेल का? पायऱ्या समोर न उतरवता भिंतीच्या कडेने वळवल्या तर वाटही मोकळी होईल आणि घरही शोभेल. हे काम तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणा गवंड्याला जमणार नाही. तुम्ही बरे होऊन या आणि बांधा. नाही म्हणालात तर आम्ही समजून घेऊ. (नाही म्हणाले तर फोन करू नकोस.)

ता.क. २ : (ताई, हे सगळंच मनात वाच आणि पट्टी निघाल्यावर, डॉक्टर जवळ असताना सांग. पायरी नाही. सोमवारीच गेली. मी हात लावलेला नाही हे अगदी खरं आहे. काकू आत गेल्या त्या काकांच्याच हत्यारांच्या पिशवीतला मोठा हातोडा घेऊन बाहेर आल्या. आम्ही पुढे झालो तर म्हणाल्या, जो जवळ आहे त्याने आधी. पहिले वीस-पंचवीस घाव त्यांचे आहेत. नंतर दम लागला तेव्हा बेकरीवाले आणि हेडमास्तर यांनी हातोडा घेतला. एक पायरी काढायची होती, हाताला सवय लागल्यावर चारही गेल्या. काम इतकं पक्कं होतं की संध्याकाळ झाली. मंगळवारी बंब परत आला आणि थेट आजींच्या दारात जाऊन उभा राहिला. टेपबाईंनी तिथेच सही केली. रविवारी नव्वदी आहे. सध्या आम्ही सगळे लाकडी स्टुलावरून घरात चढतो. हे पत्र पाठवण्याआधी काकूंना दाखवायचा माझा विचार नव्हता, पण त्या आत्ताच दुकानात आल्या आहेत आणि ते माझ्या हातातून काढून घेत आहेत.)

ता.क. ३ : ताई, हे मोठ्याने वाच. पुतण्या तीन दिवस पत्र लिहीत बसला आहे, शिवायचे कपडे तसेच पडलेत. अहो, पायऱ्या मी फोडल्या. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता आणि मला तरीही फोडाव्या लागल्या असत्या, मग उगाच भांडण झालं असतं. पायऱ्या देखण्या होत्या हे मला मान्य आहे. पण एकेक पायरी नऊ इंचांची होती. या घरात माझी तीन बाळंतपणं झाली. तिन्ही वेळा ती बाई पिशवी काखेत मारून, धापा टाकत, त्या पायऱ्या चढून माझ्यापर्यंत आली. एकदाही उशिरा आली नाही. आता तिच्या दारापर्यंत कोणाला पोचायचं असेल, तर मध्ये आपली पायरी नको. रागवायचं असेल तर डोळा बरा झाल्यावर रागवा. नवीन बांधाल त्या सहा इंचांच्या बांधा.