इस्त्री न केलेलं इंग्रजी

बाई, काल मी एका इंग्रज मॅडमशी इंग्रजी बोललो. तुम्ही असता तर आधी तुमच्याच घरी धावत आलो असतो. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. पुढच्या वर्षी शाळा सुटली, आणि आता मावला गावात, कापूस घेणाऱ्या एका संस्थेच्या ऑफिसात वजनाच्या पावत्या लिहितो. शुद्धलेखन अजून चुकत नाही. बोलण्याची धास्ती मात्र तशीच आहे.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही भाकरी थापता आहात आणि शिकवणीला आलेला मी पाटावर बसून इंग्रजीत पाणी मागायच्या तयारीत आहे. आधी मनात मराठी वाक्य करायचं, मग, शाळा तेलगू माध्यमाची म्हणून, ते तेलगूतून न्यायचं, मग इंग्रजीत आणून पुन्हा तपासायचं. तुम्ही भाकरी उलटून म्हणता, "अरे, किती इस्त्री करशील त्या वाक्याले? तहानेनं मरशील नं!"

ऑफिसातले साहेब केरळचे. त्यांच्याशी माझं इंग्रजी छान जमतं. आम्ही दोघंही त्या भाषेत पाहुण्यासारखे वागतो, चप्पल दाराशी काढून, जपून. पण काल इंग्लंडहून एका कापड कंपनीच्या मॅडम आल्या. आमच्या तलमडुगूकडच्या गावाचा कापूस घ्यायचा की नाही, हे त्या ठरवणार होत्या. साहेब तापाने आडवे, म्हणून जीपमध्ये मला बसवलं. मॅडमचं इंग्रजी जन्मापासूनचं. शब्दांची टोकं गिळून, चार शब्द एका श्वासात. मी एक उत्तर जुळवेपर्यंत त्या तिसऱ्याच गोष्टीवर पोचलेल्या. मोठं माणूस बोलत असताना गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून आपल्याकडे देतात तसा हुंकार देत राहिलो, "येस मॅडम, येस मॅडम." गावात जीप थेट आमच्या दारात थांबली. तुमच्या घरी जेवायला येऊ का, असं त्यांनी वाटेत विचारलं होतं म्हणे.

आई दारातच म्हणाली, "काऊन रे, एक फोन तरी कराचा! आता काय वाढू मी यायले?" मॅडमनी भाकरी आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागून घेतला.

मग अंगणात शेतकरी जमले आणि मॅडम आपली अट सांगू लागल्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सवयीने हुंकार ओठांवर आला आणि मला दरदरून घाम फुटला. आता मी मान हलवली की साऱ्या गावाने कबूल केल्यासारखं होणार. काही न जुळवता बोलून गेलो, "मॅडम, स्टॉप! आय ओन्ली हियरिंग. नो अंडरस्टँडिंग. प्लीज स्लो."

मॅडमनी कपाळाला हात लावला, हसल्या, आणि मग साहेबांसारखं थांबत थांबत, छोट्या वाक्यांत बोलल्या. म्हणणं इतकंच, की कापूस प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका, त्याचे धागे कापसात मिसळतात. सुती कापडात बांधा.

मी ते सगळ्यांना मराठीत सांगितलं, तसे माझे काका म्हणाले, "बस, एवढंच? मंग तुले काऊन एवढा घाम सुटून राह्यला बे? आमाले वाटलं, बाई शेतच मागते!" सगळे हसले. काका काय म्हणाले ते मी मॅडमना सांगितलं, लगेच, अडखळत. त्याही हसल्या, आणि कापूस घ्यायचं ठरलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून मीच दोनदा वाचून ठेवून देतो. एक मात्र सांगतो, बाई. निघताना मॅडम जीपच्या खिडकीतून भरभर काहीतरी बोलल्या आणि मी "येस मॅडम" म्हणालो. आज गिरणीतून ज्वारीचं पीठ जास्तीचं दळून आणलं आहे. आईला कारण सांगितलेलं नाही.