गाडीतल्या स्क्रीनचा बंदोबस्त

२० मार्च
नवी गाडी आली. विजेवर चालते. बटणं नाहीत, दांडे नाहीत. मधोमध एक स्क्रीन, घरच्या टीव्हीएवढी. एसी, वायपर, गिअर सगळं तिच्यात. दुपारी विहारात नेऊन भन्तेजींकडून मंतरून घेतली. दुसरी सपाट जागा न दिसल्याने त्यांनी पांढऱ्या गंधाचं रक्षणाचं यंत्र स्क्रीनच्याच कोपऱ्यात काढलं. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे जरा ऐसपैस झालं.

सोंग्क्रानला, नववर्षाच्या दिवशी, बायकोच्या, बुप्फाच्या, माहेरी पिचितला मी स्वतः चालवत जाणार. तिचे भाऊ मला आजवर माणसांत धरत नाहीत. आता बघतील. बुप्फाची एकच अट: तोवर कशालाही धडकलात आजोबा, तर किल्ली माझी. (नात झाल्यापासून आजोबाच म्हणते.) मी नुसता हसलो.

२२ मार्च, संध्याकाळ
दिवस मावळला की स्क्रीन इतका उजेड ओकते की समोरच्या काचेत रस्त्याऐवजी माझंच तोंड दिसतं. उजेड कमी करायचं चिन्ह नेमकं यंत्राखाली. वरून दाबून चालत नाही आणि यंत्र पुसणं म्हणजे संकटाला आमंत्रण. मी शांत स्वभावाचा माणूस आहे. एकच थोबाडीत दिली. सीट मसाज करू लागली.

२५ मार्च
एसी शोधत होतो. स्क्रीनवर पाटी आली: चालकाचं लक्ष नाही, कॉफी घ्या. ती वाचेपर्यंत प्रयूनच्या नूडलच्या गाड्यावर गेलो. रस्सा बॉनेटवर. प्रयून म्हणाला, काका, आत सिनेमा लावलाय का? मी म्हणालो, गाडा आडवा लावलास. त्याने कानावर डाव हाणला, मी त्याच्याच एप्रनने त्याचा गळा आवळला. दोघांना भाजीवाल्यांनी सोडवलं.

गाड्याला चाकं असतात, म्हणजे तेही वाहनच. ते मला धडकलं. बुप्फाला सांगण्यासारखं काही नाही.

३० मार्च
स्क्रीनवर काळं फडकं बांधलं. उत्तम उपाय. फडक्याआडून स्क्रीनमधली बाई ओरडू लागली, समोर अडथळा, समोर अडथळा. अडथळा नव्हता, ती फडक्यालाच म्हणत असावी. कोपराने दोन, बुक्क्या चार, शेवटी डोक्याने एक. कपाळाला टेंगूळ. बुप्फाला म्हणालो, कपाटाचं दार लागलं.

५ एप्रिल
प्रयूनच्या बायकोने बुप्फाला सगळं सांगितलं. गाड्याला चाकं असतात हे मी समजावलं. बुप्फा म्हणाली, शेवटची संधी. शिवाय गाडीत देवी असते, तिला मारता काय? फळं ठेवा, माफी मागा. मी म्हणालो, देवी मोटरमध्ये राहते, ही स्क्रीन पोटभाडेकरू आहे. फळं मी खाल्ली.

१० एप्रिल, सकाळ
आज सोक्षमोक्ष. स्क्रीन फोडायची, मग रस्ता आणि मी. स्वयंपाकघरातून मिरच्या कुटायचा दगडी बत्ता घेतला. अंगणात गाडी चालू करून बसलो, फडकं सोडलं. जोर यावा म्हणून पाय ब्रेकवर रोवला, डाव्या हाताने स्क्रीन धरली आणि उजव्याने घाव घालू लागलो. खूप दिवसांनी इतकं बरं वाटलं.

१० एप्रिल, दुपार
दवाखाना. डावं मनगट मोडलं, शेवटचा घाव त्याच्यावरच बसला. स्क्रीनवर ओरखडासुद्धा नाही.

डाव्या पंजाखाली स्क्रीनवरचा गिअर होता. रिव्हर्स पडला. घाव घालताना पाय सुटला आणि गाडी मागे सुटली. मागे बुप्फा कुंड्यांना पाणी घालत होती. गाडीने आपणहून ब्रेक मारला. हातभर आधी नाही, तिच्या गुडघ्याला टेकून.

मागच्या कॅमेऱ्यातून स्क्रीनवर ती दिसत होती. लख्ख, पाण्याच्या झारीसकट. मी तिथेच बत्ता घालत होतो.

११ एप्रिल
बुप्फाने भन्तेजींना विचारलं. ते म्हणाले, यंत्र पुसा की, गाडीच्या छतावर काढून देतो. तिने ओल्या फडक्याने पुसलं, उजेड कमी केला. किल्ली मागितली नाही. मीच तिच्या उशाशी ठेवली.

१३ एप्रिल
सोंग्क्रान. पिचितला पोचलो. वाटेत पोरांनी सणाच्या पाण्याच्या बादल्या गाडीवर ओतल्या. हात गळ्यात बांधलेला असल्याने मी मागे बसलो होतो. मेव्हण्यांनी दार उघडून उतरवून घेतलं, फार प्रेमाने.

बुप्फा गाडी छान चालवते. सगळी वाट नजर रस्त्यावर. स्क्रीनकडे तिने एकदाही बघितलं नाही. माझ्याकडेही नाही.