चावी

रविवार, संध्याकाळ. डहाणू, सुरूचं बन.

हार्ट अटॅकनंतर आठ महिने माझ्या नवऱ्याने, अविनाशने, स्टिअरिंगला हात लावला नव्हता. चावी माझ्याच पर्समध्ये असायची. काल गाडीमागे कॅरॅव्हॅन ओढत मीच आणली, आणि नेमकी जवळा सुकवायच्या जागेवर उभी केली. शहाणी! आज दुपारी हिराबाय कोळीण पाटी घेऊन हजर.

"बाय, तुझं घर हलव. माझा जवळा कुठे टाकू?"

हलवायला गेले तर चाक रुतलं. तिनेच चाकाखाली जुनं जाळं अंथरलं. अविनाश ढकलायला पुढे झाला, तशी मी ओरडलेच.

"मग भाऊला गाडीत बसव," हिराबाय म्हणाली. "ढकलायला आपण बाया आहोत ना!"

मी त्याला चावी दिली.   आम्ही दोघींनी मागून जोर लावला. जाळ्यावरून गाडी अलगद निघाली. सुरूंमधून नीट वळवून त्याने ती सावलीत लावली आणि खिडकीतून रिक्षावाल्यासारखा ओरडला, "आशागड, आशागड! एक सीट!"

हिराबाय हसत वाळूतच बसली. मी हसले, मग थोडी रडलेही.

आता तो चहा ठेवतोय. चावी अजून त्याच्याच खिशात आहे. मी मागितलेली नाही.